पाण्याची रात्र

पाच दिवसांनी एकदा येतं आमच्या गल्लीत पाणी,
तेही रात्री, दोननंतर कधीही.
सोलापुरात झोप अशीच घ्यायची असते,
एक कान नळाला लावून.

म्हणून पप्पा जागे असतात यात
कुणाला काही वेगळं वाटत नाही.
अमोस ढावरे, उंबऱ्यावर,
मांडीवर बॅटरी, खांद्यावर चादर,
जिची एक कड विणताना त्यांच्याच हातून बिघडली
आणि मालकानं पगारातून कापून घेतली.

मागावर बावीस वर्षं.
म्हणतात, तार तुटते तेव्हा आवाज होत नाही.
माग धडधडत राहतो,
आणि हातभर कापड पुढं गेल्यावर दिसतो
एक बारीक ओरखडा.
मग सोडवत बसा मागं मागं.

कारखाना बंद पडला तेव्हा
त्याच फाटकावर त्यांना वॉचमन ठेवलं.
आत गंजलेले माग, तांब्याच्या तारांच्या मोटारी,
चिमणीत घुबड.

एप्रिलातल्या एका रात्री टेम्पो आला, दिवे मालवून.
माणूस ओळखीचाच.
म्हणाला, ढावरे, तुम्ही फक्त चहाला जाऊन या.
माझी आयटीआयची फी भरायची होती.
पप्पा गेले.
एसटी स्टँडपर्यंत चालत गेले, चालत आले.
चहा प्यायले नाहीत.
हे ते दरवेळी आवर्जून सांगतात,
जणू तेवढ्यानं काही कमी होणार आहे.

चर्चच्या मागच्या खोलीत
गुरुवारी पहाटे साडेचारला पुरुषांची प्रार्थना.
पुरुष म्हणजे चौघं, आणि न फिरणारा एक पंखा.
बर्णबाकाका अँब्युलन्सची पाळी संपवून थेट येतात,
हातांना डेटॉलचा वास.
शमुवेल मास्तरांना मोतीबिंदू,
पुस्तक उघडं धरून शास्त्रपाठ तोंडपाठ म्हणतात,
पान कधी कधी भलतंच असतं.
तीमथ्यनं दारू सोडून अकरा महिने झालेत,
तो दाराजवळ बसतो.
पाळकसाहेब नसतात. भाषण नसतं.
एकमेकांना एकच विचारायचं,
रात्र कशी गेली?

तीन गुरुवार पप्पा म्हणाले, बरी.
चौथ्या गुरुवारी म्हणाले,
मी झोपलो होतो. उघड्या डोळ्यांनी.

कुणी वचन ऐकवलं नाही.
मास्तरांनी चाचपडत पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.
तीमथ्य रडला, पप्पा नाही.
मग बर्णबाकाकांच्या स्कूटरवर दोघं
मालकाच्या बंगल्यावर गेले.
मालक पोहे खात होते.
खाता खाता त्यांनी सगळं ऐकलं,
नोकरी काढून घेतली,
आणि तांब्याची किंमत नऊ हप्त्यांत लावली.
नऊही हप्ते गेले. दोन बर्णबाकाकांनी भरले,
हे मला फार उशिरा कळलं.

मी वर्षभर आयटीआय सोडून
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या घड्या घातल्या.
गल्ली म्हणाली, साधा माणूस.
मला राग आला होता.
खोटं कशाला बोलू, अजूनही येतो,
विशेषतः फीच्या पावतीवर उशिराचा दंड दिसला की.

आणि तरी पाण्याच्या रात्री
त्यांची बॅटरी अंधारात लागली
की मला झोप चांगली लागते.

नळात आधी हवा येते, फुसफुसत,
मग गढूळ, मग पाणी.
त्या पहिल्या हवेलाच पप्पा उठतात,
कुरेशींची कडी वाजवतात, बोल्लींचं दार,
म्हेत्रेंच्या म्हातारीला तर हाताला धरून उठवतात.
आलं, आलं, म्हणत जातात
गल्लीच्या टोकापर्यंत,
आमचा हंडा सगळ्यात शेवटी लागतो.

परवा मी न राहवून विचारलं,
पप्पा, पाणी तर काल येऊन गेलं.
आज कशाला बसलात?
त्यांनी बॅटरी माझ्या तोंडावर मारली,
मग जमिनीवर, पिवळट, थकलेला उजेड.
म्हणाले, सेल उतरलेत बघ.
उद्या दोन आण. मोठे.

मी चार आणले.